चिखलावरचं शिकागो

मराठी विभागासाठी काहीतरी माहितीपर लिहून दे, असं सर म्हणाले तेव्हा आधी मला हसूच आलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेच्या आवारात मराठी शब्द तोंडातून निघाला की एक रुपया दंड, आणि वर्गात सगळ्यात जास्त दंड मीच भरलाय. तेवढीच काय ती माझी मराठीची सेवा! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला, प्रूफं बघणाऱ्या माझ्या रूममेटला बोल लावू नका.

विषय मात्र शोधावा लागला नाही. मागच्या ऑगस्टमध्ये माझा दादा एम.एस. करायला शिकागोला गेला. एज्युकेशन लोनसाठी बाबांनी राहतं घर बँकेकडे तारण ठेवलंय. त्यामुळे आमच्या घरात त्या शहराबद्दल सगळे जरा जपूनच बोलतात, जणू काही वाईट बोललं तर व्याजाचा दर वाढेल! बिनधास्त विचारते ती फक्त आजी. "अरे, पण गाव कसं आहे ते?" दादा फोनवर म्हणतो, "मस्त आहे." आजीचं त्याने समाधान होत नाही. तिच्या लेखी गाव कळणं म्हणजे जमीन कसली आहे, पाणी कुठून येतं, घाण कुठे जाते आणि शेजारी कोण राहतं हे कळणं. "तू इंजिनिअर होणार ना, तू सांग," म्हणून काम माझ्यावर आलं. दिवाळीच्या सुट्टीत जर्नल्स बाजूला ठेवून वाचत बसले. आता मित्र-मैत्रिणींनो, आजीला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते, थोडं आकडे घालून.

शिकागो हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या, मायामी-इलिनॉय लोकांच्या भाषेतून आलंय. 'शिकाक्वा' म्हणजे रानकांदा. खरं म्हणजे लसणाच्या जवळची, उग्र वासाची एक वनस्पती. नदीकाठच्या दलदलीत ती माजलेली असायची. आजी म्हणाली, "म्हणजे लासलगावच की!" मूळ लोकांव्यतिरिक्त तिथे कायमचं घर करणारा पहिला माणूस काळा होता, झां बाप्तिस्त पॉइंट दू साब्ल. त्याची बायको पोटावाटोमी जमातीची. १७८० च्या दशकात नदीच्या तोंडाशी त्याचा व्यापाराचा ठिय्या होता. १८३३ साली पोटावाटोमी लोकांकडून करार करून जमीन घेतली आणि त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकललं. त्याच वर्षी गावाची नोंद झाली, १८३७ मध्ये 'शहर' म्हणून. तेव्हा वस्ती होती चार हजारांच्या आसपास. १८९० च्या जनगणनेत ती अकरा लाखांच्या घरात गेली! त्रेपन्न वर्षांत एवढी वाढ. दू साब्लचं नाव मात्र तळ्याकाठच्या मुख्य रस्त्याला मिळायला २०२१ साल उजाडलं.

हे गाव तिथेच का वाढलं? नकाशा घ्या. मिशिगन तळं (तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही, म्हणजे समुद्रच) पूर्वेला. तळ्याच्या काठापासून थोडं आत गेलं की जमीन काही फूट उंचावते आणि मग पलीकडचं पाणी मिसिसिपीच्या खोऱ्यात वाहतं. म्हणजे महाबळेश्वरला कसं, पावसाचा एक थेंब अरबी समुद्रात आणि शेजारचा बंगालच्या उपसागरात, तसं इथे एक थेंब अटलांटिकला आणि दुसरा थेट दक्षिणेच्या आखाताला. फक्त इथे मध्ये सह्याद्री नाही, एक नुसता उंचवटा आहे. आदिवासी लोक होड्या खांद्यावर घेऊन तो ओलांडायचे. १८४८ मध्ये तिथून कालवा काढला आणि त्याच वर्षी रेल्वे सुरू झाली. धान्य, लाकूड, जनावरं, सगळं इथून जायला लागलं. शहराचं नशीब त्या काही फुटांच्या उंचवट्यावर उघडलं, आणि दुखणंही तिथेच होतं. कारण एवढी सपाट जमीन म्हणजे पाण्याला उतार नाही.

जॅक लावून उचललेलं शहर

बर्फयुगाच्या शेवटी तळं मागे सरकलं आणि जो तळ उघडा पडला त्यावर हे गाव वसलं. खाली मऊ निळसर क्ले. पावसाळ्यात रस्त्यांचा चिखल, गटारं नाहीत, घाण साचलेली. १८५४ च्या कॉलऱ्यात चौदाशेच्या आसपास माणसं गेली. (१८८५ मध्ये साथीने नव्वद हजार मेले असं खूप ठिकाणी छापलेलं सापडतं. मीही आधी वहीत उतरवून घेतलं होतं. ते खोटं आहे, अशी साथ आलीच नव्हती. नेटवरून असाइनमेंट उतरवणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

१८५५ मध्ये एलिस चेसब्रो नावाच्या इंजिनिअरला बोस्टनहून बोलावलं. त्याच्यापुढचा प्रश्न आपल्या एन्व्हायर्नमेंटच्या पेपरला येतो तसाच: ग्रॅव्हिटीने वाहणारी ड्रेनेज लाइन टाकायची आहे, पण गाव तळ्याच्या पातळीपेक्षा जेमतेम काही फूट वर, उतार कुठून आणायचा? खाली खणता येत नाही. मग तो म्हणाला, खाली नाही तर वर! गटारं रस्त्याच्या वर बांधा, त्यावर भराव घाला, भरावावर नवा रस्ता करा. म्हणजे सगळं शहर काही फूट वर घ्यायचं, काही ठिकाणी दहा फुटांपर्यंत.

रस्ते वर गेले आणि जुन्या इमारती खड्ड्यात राहिल्या. तळमजल्याची खिडकी फुटपाथच्या खाली. आता इमारती पाडायच्या का? नाही, उचलायच्या. १८५८ मध्ये पहिली विटांची इमारत उचलली. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची अख्खी रांग घेतली: ३२० फूट लांब, चार-पाच मजली, दगड-विटांची दुकानं आणि ऑफिसं. अंदाजे वजन ३५,००० टन. खाली ६,००० स्क्रू-जॅक आणि ६०० माणसं. पाच दिवसांत ४ फूट ८ इंच वर!

मी वहीच्या मागे हिशोब केला. एका जॅकवर सहा टनांपेक्षा थोडं कमी वजन येतं आणि एका माणसाकडे दहा जॅक. दिवसाला सुमारे अकरा इंच. म्हणजे ताकदीचा प्रश्न तसा मोठा नव्हताच. खरी गोम पुढे आहे. ६०० माणसांनी इशारा झाल्याबरोबर आपापला स्क्रू सारखाच फिरवायचा, कोणी घाई करायची नाही, कोणी मागे राहायचं नाही. एक कोपरा दोन इंच जास्त वर गेला की भिंतीला भेग. थिअरीत ज्याला आपण डिफरन्शियल सेटलमेंट म्हणतो त्याचंच उलट रूप. आतली दुकानं म्हणे चालूच होती. १८६१ मध्ये ट्रेमाँट हाउस हे मोठं हॉटेल असंच उचललं, पाहुण्यांना बाहेर न काढता. या कामात जॉर्ज पुलमन नावाचा तरुण ठेकेदार होता, पुढे रेल्वेचे झोपायचे डबे बांधून तो गडगंज झाला.

आजीला हे फार आवडलं. "आणि गरिबांची घरं?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं, परत वाचलं. इमारत उचलायचा खर्च मालकाचा मालकाने करायचा. दगडी इमारतीचे मालक तो करू शकत होते. लाकडी घरं बऱ्याचदा ओंडक्यांवर चढवून ढकलत दुसरीकडे नेली. कित्येक साध्या वस्त्यांमध्ये घर जिथल्या तिथे राहिलं आणि रस्ता वर गेला. अजूनही काही जुन्या भागांत फुटपाथवरून घरात जायला चार पायऱ्या उतराव्या लागतात.

१८७१ च्या ऑक्टोबरात मोठी आग लागली आणि यातलं पुष्कळसं जळून गेलं. सुमारे तीनशे मृत्यू, एक लाख माणसं बेघर. ओ'लिअरी बाईंच्या गाईने कंदिलाला लाथ मारली म्हणून आग लागली ही गोष्ट खोटी. बाई आयरिश, गरीब, स्थलांतरित. खापर फोडायला सोयीची. १९९७ मध्ये नगरपरिषदेने तिला आणि गाईला रीतसर निर्दोष ठरवलं. सव्वाशे वर्षांनी! आपल्याकडच्या कोर्टाला नावं ठेवायला नकोत.

घाण कुठे जाते

गटारं झाली. ती सोडली नदीत. नदी जाते तळ्यात. आणि प्यायचं पाणी तळ्यातलंच. ज्या ताटात जेवायचं त्यातच हात धुवायचे आणि तेच पाणी प्यायचं! चेसब्रोने १८६७ मध्ये तळ्याखालून दोन मैलांचा बोगदा काढून पाणी लांबून आणलं, पण जोराचा पाऊस झाला की घाण तिथपर्यंत पोचण्याची भीती होतीच.

तेव्हा शिकागोवाल्यांनी जे केलं ते वाचून मी पुस्तक मिटून दोन मिनिटं बसले. त्यांनी नदी उलटी फिरवली. तो जो उंचवटा सांगितला, तो खोल कापून २८ मैलांचा कालवा खणला. तळ्यापेक्षा कालव्याचा तळ खाली, मग पाणी आपोआप तळ्याकडून आत, आणि शहराची घाण घेऊन मिसिसिपीच्या दिशेला. पंप नाही, काही नाही, नुसता उतार. २ जानेवारी १९०० ला पाणी सोडलं, तेही गाजावाजा न करता. कारण खालच्या अंगाला सेंट लुइस शहर मिसिसिपीचंच पाणी पितं, आणि त्यांचं मिझुरी राज्य कोर्टातून मनाई आणेल अशी धास्ती होती. मिझुरीने त्याच महिन्यात दावा लावला. १९०६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला: शेकडो मैल पाणी वाहून येताना जंतू मरतात की नाही हे सिद्ध झालं नाही, आणि मिझुरीची गावंही स्वतःची घाण नदीतच सोडतात की!

शिकागोतला टायफॉइड उतरला, हे खरं. हजारो जीव वाचले असतील. पण मला हे कौतुकाने सांगता येत नाही. सांडपाणी शुद्ध करायचे मोठे प्लांट आले ते १९२० च्या दशकात, म्हणजे आधी वीसेक वर्षं आपली घाण नुसती शेजाऱ्याच्या दारात. आमच्या वर्गात एका मुलाचं म्हणणं पडलं, "सोल्यूशन इज सोल्यूशन." तो सातारा जिल्ह्यात नदीच्या वरच्या अंगाला राहतो. खालच्या अंगाला राहणाऱ्या सांगलीच्या मुलीने त्याच्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच संपला!

आता त्या शहरात जुन्या भागांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून जातं. पाऊस वाढला की नळ भरतो. म्हणून १९७५ पासून त्यांनी जमिनीखाली १०९ मैलांचे बोगदे खणले, काही तर ३३ फूट व्यासाचे, म्हणजे आपल्या होस्टेलचे तीन मजले आडवे मावतील. बोगदे २००६ मध्ये पूर्ण झाले. त्यांना जोडलेल्या जलाशयांपैकी शेवटच्या टप्प्याचं काम अजून चालूच आहे. एवढं करूनही जुलै २०२३ च्या पावसात पश्चिमेकडच्या वस्त्यांमध्ये तळघरांत गटाराचं पाणी आलं, आणि नदीचे दरवाजे उघडून पाणी पुन्हा तळ्यात सोडावं लागलं. नदीला तिचा जुना रस्ता आठवला, असं आजी म्हणाली.

एक गंमत सांगायची राहिली. गंमत म्हणजे कोणी मेलं नाही म्हणून गंमत. शहराच्या मध्यभागाखाली चाळीसेक फुटांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे छोटे बोगदे होते, कोळसा आणि माल नेणाऱ्या बारक्या रेल्वेचे. रेल्वे बंद पडली, बोगदे विसरले गेले. १९९१ मध्ये नदीत पुलाजवळ नवे पाइल ठोकले, ते ठरल्या जागेपासून थोडे सरकवून. तिथे खाली बोगदा. भिंत दबली, चिखल झिरपू लागला. काही महिन्यांनी केबल टाकणाऱ्या कामगारांना ते दिसलं. दुरुस्तीचा खर्च दहा हजार डॉलरच्या आसपास. पण कोटेशन मागवण्यात, फाइल फिरण्यात दिवस गेले. १३ एप्रिल १९९२ ला नदी बोगद्यात घुसली आणि मोठमोठ्या इमारतींच्या तळघरांत पाणी चढलं. रस्त्यावर एक थेंब नाही आणि खाली पूर! भोक बुजवायला दगड टाकले, सिमेंट टाकलं, गाद्यासुद्धा टाकल्या. नुकसान एक अब्ज डॉलरच्या घरात. थर्ड इयरच्या मंडळींनो, साइटवर कोणी म्हणालं "पाइल तीन-चार फूट सरकवला तर काय होतंय", तर हे आठवा.

उंच इमारती आणि आपलं पुस्तक

शिकागो म्हटलं की सगळ्यांना उंच इमारती आठवतात. १८८५ ची होम इन्शुरन्स बिल्डिंग, विल्यम जेनीची, दहा मजली, लोखंडी सांगाड्याची. तिला जगातली पहिली स्कायस्क्रेपर म्हणतात, त्यावर वाद आहे, १९३१ मध्ये ती पाडली. त्याहून मला १८९१ ची मोनॅडनॉक जास्त आवडली. सोळा मजले, तेही भिंतींवर उभे. तळाशी भिंत सहा फूट जाड. क्लेवर बसणार म्हणून आठ इंच खचेल असं धरूनच बांधली होती. १९४० च्या दशकापर्यंत ती वीस इंच खचली. अजून उभी आहे, वापरात आहे.

आमच्या लेडीज होस्टेलच्या जिन्याजवळची तिरकी भेग सगळ्यांनी पाहिली आहेच. काळ्या मातीचा गुण! सॉइलच्या प्रॅक्टिकलला आपण जो अनकन्फाइन्ड कॉम्प्रेशनचा नमुना दाबतो, तो कंटाळवाणा वाटतो की नाही? १९३८ नंतर शिकागोत भुयारी रेल्वेचं काम निघालं तेव्हा टेरझाघी सल्लागार होते, आणि त्यांचा तरुण सहकारी राल्फ पेक तिथल्या लॅबमध्ये त्याच निळ्या क्लेचे नमुने असेच दाबत बसलेला असायचा. खोदाईच्या आडव्या आधारांवर किती जोर येतो ते त्याने प्रत्यक्ष मोजलं. पुस्तकातल्या पेकच्या प्रेशर डायग्राममागे ही मोजमापं आहेत. १९४८ चं टेरझाघी-पेकचं पुस्तक आपल्या लायब्ररीत आहे, पहिलं पान निघालेलं. मी आता ते जरा आदराने हाताळते.

आणि फझलुर रहमान खान. जन्म १९२९, ढाका. शिक्षण कलकत्त्याजवळच्या शिबपूरला आणि ढाक्याला, मग १९५२ मध्ये स्कॉलरशिपवर इलिनॉयला. इमारत म्हणजे खांबांचं जंगल नव्हे, बाहेरच्या कडेने एक पोकळ नळी समजा, वारा त्या नळीलाच अडवू दे, ही त्यांची कल्पना. १९६९ ची जॉन हॅनकॉक, शंभर मजली, बाहेरून मोठमोठे तिरपे आधार. मग सीअर्स टॉवर, १९७३ मध्ये पूर्ण उंचीला गेलेली, १,४५० फूट. नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना बांधलेल्या, काड्यांची मोळी बांधावी तशा. वर जाताना एकेक नळी थांबते. २००९ पासून तिचं नाव विलिस टॉवर. १९७१ मध्ये ढाका पेटलं तेव्हा खान शिकागोत बसून बांगलादेशासाठी मदत गोळा करत होते. १९८२ मध्ये ते वारले. त्यांचं नाव मला दादाने नाही, आमच्या स्ट्रक्चरच्या मॅडमनी सांगितलं.

शेजारी कोण

हा आजीचा शेवटचा प्रश्न, आणि इथे माझं इंजिनिअरिंग कमी पडलं.

२०२० च्या जनगणनेत शिकागोत २७ लाख ४६ हजार माणसं होती. (१९५० मध्ये ३६ लाख होती, म्हणजे शहर आटलंय.) त्यांत गोरे, काळे आणि मेक्सिको वगैरे देशांकडून आलेले लॅटिनो, प्रत्येकी तीस टक्क्यांच्या आसपास. आशियाई सातेक टक्के. पिल्सन नावाची वस्ती, नाव झेक गावावरून, राहणारे पुढे मेक्सिकन. डेव्हन अव्हेन्यूवर आधी ज्यू दुकानं, मग आपली. १९७४ मध्ये पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान तिथेच निघालं. त्या एका रस्त्याच्या तुकड्यांना गांधी मार्ग, जिना वे आणि गोल्डा मेयर अशी मानाची नावं आहेत, एकापुढे एक! १८९३ ची सर्वधर्म परिषद याच शहरात भरली; विवेकानंद सगळ्यांना माहीत आहेत, पण मुंबईचे बी. बी. नागरकरही तिथे बोलले होते. अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एकत्र आणणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये इथेच स्थापन झालं. आणि १ मेला आपण ग्राउंडवर झेंड्याला उभे राहतो तो कामगार दिनही असतो ना, तो १८८६ च्या शिकागोतल्या आठ तासांच्या मागणीवरून. त्यानंतर बॉम्ब फुटला, पुरावा धड नसताना चार जणांना फाशी दिलं, एकाने आत्महत्या केली. १८९३ मध्ये राज्यपालांनी उरलेल्यांना सोडलं आणि खटलाच अन्यायाचा होता असं लिहून दिलं.

इतके सगळे लोक एका शहरात, पण एकमेकांच्या शेजारी नाहीत. पहिल्या महायुद्धापासून पुढे पन्नासेक वर्षांत दक्षिणेकडच्या राज्यांतून सुमारे पाच लाख काळे लोक शिकागोला आले, जुलूम सोडून, कारखान्यांत कामाला. १९१९ च्या जुलैत सतरा वर्षांचा युजीन विल्यम्स तळ्यात पोहताना 'गोऱ्यांच्या' पाण्यात वाहत गेला. पाण्यात कसली रेघ असते? दगड मारले, तो बुडाला. दंगल झाली, ३८ माणसं मेली. पुढे काळ्यांना घर विकायचं नाही असे लेखी करार झाले, बँकांच्या नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या, तिथे कर्ज नाही. १९६२ च्या सुमाराला दक्षिण भागात चौदा पदरी एक्स्प्रेसवे आला आणि त्याला लागून सोळा-सोळा मजली २८ सरकारी इमारतींची रांग. २००७ पर्यंत त्या सगळ्या पाडल्या. हे सगळं कोणीतरी ड्रॉइंग शीटवर काढलेलं असणार, खाली सही करून.

दादाचं कॉलेज याच भागात आहे. नाव इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आद्याक्षरं आयआयटी; बाबा सगळ्यांना नुसतं "आयआयटीला आहे" सांगतात आणि पुढचं सांगत नाहीत. आर्किटेक्चरच्या मुलांना तिथला क्राउन हॉल माहीत असेल, मीज व्हान डर रोहचा, १९५६ चा, काचेचा, आत एकही खांब नाही. दादाने त्याचा फोटो पाठवला होता. मी वाचलं की त्याच जागेवर आधी मेक्का फ्लॅट्स नावाची मोठी चाळवजा इमारत होती, शेकडो काळी माणसं तिथे राहायची. कॉलेजला जागा हवी होती. भाडेकरू कित्येक वर्षं भांडले. १९५२ मध्ये ती पाडली. मी दादाला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, "मला कोणी सांगितलं नाही." मग म्हणाला, "मी विचारलंही नाही."

पत्त्याचं गणित मात्र त्याला पहिल्या दिवशी कळलं होतं. स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांचा चौक म्हणजे ओरिजिन. तिथून चारी दिशांना मैलाला ८०० नंबर. दक्षिणेला पहिले तीन मैल मात्र अपवाद, तिसरा मैल ३१०० ला संपतो. म्हणजे ३५०० साउथ हा पत्ता साडेतीन मैलांवर. सर्व्हेवाल्यांना आनंद होईल असं गाव! आणि बर्फ पडला की लोक गाडीची जागा फावड्याने मोकळी करतात आणि तिथे मोडकी खुर्ची ठेवून कामाला जातात. खुर्ची कोणी हलवत नाही. आपण एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो ना, तेच.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. पारा १०६ फॅरनहाइट, म्हणजे ४१ सेल्सिअस. विदर्भातल्या पोरी हसतील. पण तिथे ७३९ माणसं मेली, बहुतेक म्हातारी, पुष्कळशी एकटी, चोरांच्या भीतीने खिडक्या बंद करून बसलेली. प्रेतं ठेवायला रेफ्रिजरेटरचे ट्रक आणावे लागले. एरिक क्लायननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे दोन लागून असलेल्या वस्त्या तपासल्या, दोन्ही गरीब. एकीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या जवळपास दहापट. कमी मृत्यू झालेल्या मेक्सिकन वस्तीत रस्त्यावर दुकानं होती, गर्दी होती, म्हातारी माणसं बाहेर पडायची. दुसरीत कारखाने गेलेले, दुकानं गेलेली, मोकळे प्लॉट. ऊन दोन्हीकडे सारखंच होतं.

हे मी आजीला रात्री जेवताना वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. रविवारी दादाचा फोन आला तेव्हा तिने माझ्या हातातून फोन घेतला. "तुझ्या शेजारी कोण राहतं रे?" दादा म्हणाला, कोणीतरी एक म्हातारी बाई आहे, काळी, दिसते कधी कधी. "नाव काय तिचं?" माहीत नव्हतं. सहा महिने झाले होते. आजी म्हणाली, "आम्ही चिवडा पाठवलाय तो संपला का?"

पुढच्या रविवारी त्याने सांगितलं. अर्धा डबा चिवडा घेऊन गेला होता. बाईंनी दाराची साखळी लावूनच आधी बघितलं, मग उघडलं. तिचे आई-वडील मिसिसिपीहून आलेले. तिचं लहानपण त्या पाडलेल्या मेक्का फ्लॅट्सपासून दोन गल्ल्यांवर गेलं. चिवडा तिखट लागला. दादाला म्हणाली, तुझ्याकडे फावडं आहे का, नसेल तर माझं घे, मंगळवारी बर्फ आहे, दोघांच्या पायऱ्या तूच साफ कर.